अडीच वर्षांच्या मुलासाठी पहिली शाळा कशी निवडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अडीच वर्षांचा. आईवडिलांनी तीन शाळा पाहिल्या. पहिली मोठी आणि नावाजलेली, एकदा आत शिरलं की शेवटच्या इयत्तेपर्यंत चिंता नाही. पण बसने पाऊण तास. दुसरी घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर, दोन खोल्या, पुढे अंगण, भिंतींचा रंग गेलेला. तिसरीच्या पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलंय. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, एवढी घाई कशाला? ओळखीपाळखीचे लोक म्हणतात, आत्ता नंबर लावला नाही तर पुढे जागा मिळणार नाही. आणि आईने शेवटी विचारलंय, “तो माझ्याशिवाय तासभरही राहत नाही. यातली कोणती शाळा त्याला सांभाळून घेईल?”

मी बरीच वर्षं तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवलं आणि आता बालवर्गाच्या शिक्षिकांना शिकवते. तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न खरं तर पहिला आहे. बाकीच्या गोष्टी त्याच्याच उत्तराने सुटतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाची शाळा म्हणजे एक खोली, तिथली एक-दोन मोठी माणसं, पंधरा-वीस मुलं आणि तिथपर्यंत जायचा-यायचा रस्ता. पोहण्याचा तलाव, सभागृह, वरच्या वर्गांचे निकाल, संस्थेचं नाव हे त्याच्या दिवसात कुठे येतच नाही. सकाळी आईचा हात सुटल्यावर तो कोणाचा हात धरणार, एवढाच त्याचा प्रश्न असतो. म्हणून तुम्ही ज्या ताईंच्या ताब्यात मूल देणार, त्या ताई निवडायच्या आहेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल दुसऱ्या शाळेकडे आहे. पण एक अट आहे: वर्ग चालू असताना तिथे तासभर बसून या, आणि मगच ठरवा.

प्रवेशाच्या दिवशीचा फेरफटका त्यासाठी उपयोगाचा नाही. त्या दिवशी भिंतीवर नवी चित्रं असतात आणि मुलं घरी असतात. साध्या, कामाच्या दिवशी जा. सकाळी मुलं येतात ती वेळ किंवा डब्याच्या आधीची अर्धा-पाऊण तासाची वेळ चांगली. तेव्हा मुलं दमलेली, भुकेली, किरकिरी असतात आणि मोठ्यांचा खरा स्वभाव दिसतो. कोपऱ्यात बसा, फोन पिशवीत ठेवा, मुलांशी आपणहून बोलू नका. काही शाळा पालकांना वर्गात बसू देत नाहीत आणि त्यामागे मुलांची सुरक्षितता हे रास्त कारण असू शकतं. अशा वेळी खिडकीतून, दारातून, निदान शाळा सुटतानाची पंधरा मिनिटं तरी पाहू द्या, असं सांगा. त्यालाही नकार मिळाला तर मी त्या शाळेचं नाव यादीतून काढते.

काय पाहायचं? एका शाळेत मी एकाच सकाळी शेजारशेजारचे दोन वर्ग पाहिले, ते सांगते. पहिल्या वर्गात एक मुलगा आणि एक मुलगी लाकडी इंजिनासाठी ओढाताण करत होते. ताई आल्या, दोघांच्या मध्ये उकिडव्या बसल्या, एक हात इंजिनावर ठेवला आणि म्हणाल्या, “दोघांनाही हेच हवंय.” मुलगा रडत म्हणाला, “माझं आहे.” “हो, तू आधीपासून खेळत होतास. आणि ती मघापासून वाट बघतेय. आता काय करू या?” बराच वेळ कोणी काही बोललं नाही. ताईही नाही. मग मुलगी म्हणाली, “तो पुलाखालून नेईल, मग मी.” ठोकळ्यांच्या पुलाखालून इंजिन जाईपर्यंत ताई तिथेच बसून राहिल्या. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला गोंगाट चालला होता, एक भांडं पडलं, तरी त्या उठल्या नाहीत. तिकडे मावशींनी पाहिलं.

शेजारच्या वर्गात असंच भांडण झालं, तेव्हा तिथल्या शिक्षिकेने खेळणं उचलून कपाटावर ठेवलं. “भांडायचं असेल तर कोणालाच नाही.” वर्ग क्षणात शांत. त्या दिवशी शाळा पाहायला आलेल्या पालकांना हा दुसरा वर्गच आवडला, कारण तिथे शिस्त दिसत होती. मला तिथे दोन मुलं दिसली ज्यांना आपल्याला नेमकं काय हवं होतं हे सांगायची संधीच मिळाली नाही. संस्था एक, फी एक, गणवेश एक. मुलांचे दिवस मात्र अगदी वेगळे. म्हणून शाळेची कीर्ती ऐकून ठरवू नका, तुमच्या मुलाला मिळणारा वर्ग पाहा. आणि चिडीचूप वर्ग पाहून लगेच खूश होऊ नका. तीन वर्षांची वीस मुलं एकत्र असताना जिवंत कुजबुज, हसणं, मधूनच एखादं रडणं असायलाच हवं.

कान उघडे ठेवा. बोलतंय कोण जास्त, मुलं की मोठी माणसं? ताई मुलांना नावाने हाक मारतात की “ए, इकडे बघ” म्हणतात? मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं की “गप्प बस” मिळतं? “बघ, तो कसा शहाण्यासारखा बसलाय” ही तुलना किती वेळा ऐकू येते? एक वाक्य कानावर पडलं तर मात्र तिथून उठाच: “रडलास तर आईला येऊ देणार नाही.” नुकत्याच घरापासून सुटलेल्या मुलाला याहून मोठी धमकी देता येत नाही, आणि ती अजून सर्रास दिली जाते.

दुसरी जागा म्हणजे शौचालय. ते पाहायला संकोच करू नका. भांडं मुलांच्या उंचीचं आहे का, जमीन कोरडी आहे का, हात धुण्याचा नळ त्यांच्या हाताला येतो का, बरोबर कोण जातं? जमलं तर चड्डीत शू झालेल्या मुलाशी मोठी माणसं काय बोलतात ते ऐका. “चल, कपडे बदलू या” आणि “परत केलीस?” या दोन वाक्यांत त्या शाळेचा बालशिक्षणाचा सगळा विचार येऊन जातो. पहिलं वाक्य बोलणारी मावशी ज्या शाळेत आहे, तिथे मूल ठेवायला मला भीती वाटत नाही. मावशींशी दोन शब्द बोलाच. मुलाचा पडण्या-झडण्याचा, पोटदुखीचा, झोप आल्याचा बराच भाग त्यांच्या वाट्याला येतो, आणि मुलं त्यांच्याकडे किती मोकळेपणाने जातात ते पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आता आकड्यांकडे वळते. तीन-चार वर्षांच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि वर्गात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत, हे प्रमाण बालशिक्षणात सर्वसाधारण चांगलं मानतात. तुमच्या मुलासारखी अडीच वर्षांची मुलं असतील तर दहापेक्षाही कमी हवीत. शाळा सांगते तो आकडा अनेकदा पूर्ण संस्थेचा असतो, त्यात कार्यालयातली माणसंही धरलेली असतात. तुम्ही वर्गात बसून डोकी मोजा. आणि विचारा: या वर्गाच्या ताई इथे किती वर्षं आहेत? गेल्या वर्षी किती जणींनी नोकरी सोडली? वर्षाच्या मध्ये दोनदा ताई बदलल्या तर मुलाला दोनदा नव्याने विश्वास ठेवावा लागतो. ज्या शाळेत शिक्षिका टिकतात तिथे त्यांना बरं वागवलं जातं, वेळेवर पगार मिळतो, त्यांचं ऐकलं जातं. आणि तेच वागणं खाली मुलांपर्यंत झिरपतं.

तुम्ही लिहिलंय की मोठ्या शाळेत सहा महिन्यांत अक्षरं लिहायला शिकवतात आणि छोट्या शाळेत “नुसतं खेळवतात”. यावर जरा थांबते, कारण इथेच बहुतेक पालकांचं मन डळमळतं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून कठीण होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण तीनच दिसतात; शेवटचं हाड दिसायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. लिहायचं म्हणजे खांदा स्थिर हवा, मनगट वळायला हवं, तीन बोटांत जोर आणि नाजूकपणा दोन्ही हवं. हे वहीवर रेघा गिरवून येत नाही. माती मळून, कागद फाडून, बटणं लावून, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून, झोपाळ्याच्या दोरीला लोंबकळून येतं. ज्याला तुम्ही नुसतं खेळवणं म्हणता, ती लिहिण्याचीच तयारी आहे. वेळेआधी पेन्सिल हातात कोंबली की मूल ती मुठीत आवळून धरतं, चुकीची पकड अंगवळणी पडते, आणि ती सोडवायला पहिलीतल्या बाईंना महिने घालवावे लागतात. शिवाय लिहिण्याचा कंटाळा बसतो, तो वेगळाच.

‘पण मागे पडेल का?’ याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात इप्सिलांटी इथे पेरी प्रीस्कूल नावाचा अभ्यास सुरू झाला. गरीब घरांतली १२३ मुलं. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. बालशाळा सकाळी अडीच तासांची, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका. काय करायचं ते मुलं स्वतः ठरवत, करत आणि नंतर त्याबद्दल सांगत. शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जात. बालशाळेत गेलेल्या मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच विरून गेली. पण ही मुलं चाळिशीला पोचली तेव्हा त्यांचं शिक्षण आणि मिळकत इतरांपेक्षा जास्त होती आणि अटकेचं प्रमाण कमी होतं. ही अतिशय गरीब घरांतली मुलं होती, त्यामुळे निकाल प्रत्येक घराला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी टिकलं काय आणि विरलं काय, हे पाहण्यासारखं आहे. ठरवणं, वाट पाहणं, हातातलं काम तडीला नेणं, मोठ्या माणसावर विश्वास टाकणं या गोष्टी टिकल्या, असा त्याचा अर्थ मी लावते. इंजिन पुलाखालून जाईपर्यंत थांबलेली ती मुलगी हेच शिकत होती.

मुलाची मुलाखत किंवा चाचणी घेणाऱ्या शाळेबद्दल माझं मत कडक आहे. अडीच वर्षांचं मूल अनोळखी माणसासमोर बोललं नाही तर ते अगदी योग्य वागलं.

आता ती मॉन्टेसरीची पाटी. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. मुलांनी साधनं हाताळत आपल्या गतीने शिकायचं, ही त्यांची पद्धत उत्तम आहे, पण ते नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही, त्यामुळे कोणीही ते पाटीवर लिहू शकतं. खरं-खोटं ओळखायला चार गोष्टी पाहा. तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात मिसळून असतात का? साधनं मुलांच्या हाताला येतील अशा उघड्या मांडणीवर आहेत की काचेच्या कपाटात कुलूपबंद? सकाळी दोन-तीन तासांचा सलग वेळ मिळतो की दर वीस मिनिटांनी घंटा होते? ताईंनी हे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतलं? मला काही ठिकाणी कपाटात चकचकीत गुलाबी मनोरे (एकावर एक रचायच्या ठोकळ्यांचं मॉन्टेसरी साधन) दिसले आहेत, ज्यांना वर्षभर कोणाचा हात लागलेला नव्हता.

उलट, साधनं साधी आहेत म्हणून तुमची दुसरी शाळा कमी ठरत नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी बोर्डी या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांचीच साधनं केली आणि शाळा वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना मोजायला, जुळवायला, रचायला बिया पुरतात. फक्त त्या मुलांच्या हातात द्यायची तयारी असावी लागते. रंग उडालेल्या भिंतीची काळजी करू नका. सुटलेली वायर, निसरडी फरशी, उघडी टाकी, फाटक नसलेलं दार यांची करा. मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला तर कोण अडवतं, पडल्यावर प्रथमोपचार कोण करतं आणि तुम्हाला फोन कधी येतो, हेही विचारून घ्या. कॅमेऱ्यावर मात्र फार विसंबू नका. दिवसभर फोनवर वर्ग पाहणाऱ्या पालकांना मूल दिसतं, पण ताईचा आवाज आणि स्पर्श कळत नाही.

पाऊण तासाच्या बसबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ती बाब किरकोळ समजून सोडून दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, त्यात दुपारची झोपही आली. एक-दोन वर्षांच्या, म्हणजे तीन पूर्ण न झालेल्या मुलाला ११ ते १४ तास. आता हिशेब करा. शाळा साडेआठची, बस साडेसातला, म्हणजे उठायचं साडेसहाला. दुपारी तास-दीड तास झोपला असं धरलं तरी रात्री साडेआठ-नऊला गाढ झोपायला हवं. तुमच्या घरी हे होतं का? होत नसेल तर मूल रोज तासभर कमी झोपेल आणि त्याचा राग, रड, खाण्यातली कुरकुर शाळेच्या माथी मारली जाईल. त्याच सूचनांत दिवसाला किमान १८० मिनिटं हालचालीची धरली आहेत. बसमध्ये पट्टा लावून बसलेला दीड तास त्यासाठी मिळत नाही. आणि मूल आजारी पडलं, रडून रडून थकलं तर तुम्ही किती वेळात पोचणार? जवळच्या शाळेत दहा मिनिटांत. शिवाय तिथे भेटलेली मुलं संध्याकाळी खेळायला मिळतात, हा लाभ छापील माहितीपत्रकात कुठेच नसतो. या वयात जाण्याचा वेळ वीस मिनिटांच्या आत असावा, असं मी सांगते, आणि त्याला अपवाद सहसा करत नाही.

भाषेचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. पोटात दुखतंय, शू लागली, त्याने ढकललं, मला भीती वाटते, हे मुलाला ज्या भाषेत सांगता येतं ती भाषा वर्गातल्या एका तरी मोठ्या माणसाला नीट आली पाहिजे आणि ती बोलल्याबद्दल मुलाला टोकलं जाता कामा नये. दुसरी भाषा गाण्यांतून, गोष्टींतून सहज कानावर पडू दे. त्याने गोंधळ होत नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. अडीच वर्षांला शाळा ही गरज नाही. घरी प्रेमाने सांभाळणारं, बोलणारं माणूस असेल, बाहेर खेळायला मुलं मिळत असतील तर आणखी सहा-आठ महिने थांबल्याने काही बिघडत नाही. फिनलंडमध्ये मुलं सात वर्षांची होतात त्या वर्षी पहिलीत जातात, त्याआधी एक वर्ष पूर्वतयारीचं. आपापल्या घरची गरज मात्र वेगळी असू शकते. दोघंही कामावर जात असाल तर मुलाला चांगली जागा हवीच, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. एवढंच पाहा की वर्गातलं सगळ्यात लहान मूल तुमचं नसावं. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर चंचलपणाचा, लक्ष नसण्याचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. मुलात दोष नसतो, दहा-अकरा महिन्यांचा फरक असतो.

जागा मिळणार नाही या भीतीबद्दल: मोठ्या शाळेत जाऊन विचारा की पुढे कोणत्या इयत्तेत बाहेरची मुलं घेता, गेल्या वर्षी किती घेतली. लेखी मागा. खूप ठिकाणी पहिलीला नव्या तुकड्या निघतात. ओळखीच्यांच्या सांगण्यावर अडीच वर्षांच्या मुलाला पाऊण तास बसमध्ये घालू नका.

शेवटी रुळण्याबद्दल, कारण तुमची खरी धास्ती ती आहे. प्रवेश घेण्याआधी शाळेला विचारा: पहिल्या आठवड्यात मी वर्गात बसू शकते का? “दाराशी सोडा आणि जा, दोन दिवस रडेल, मग गप्प होईल” असं उत्तर आलं तर सावध व्हा. बर्लिनमध्ये १९८० च्या दशकात बसवलेली एक पद्धत आहे, तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा वडील वर्गात बसून असतात आणि मुलाला सोडून जायचा प्रयत्नच होत नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर, फार तर अर्धा तास. ताईंनी जवळ घेतल्यावर मूल शांत झालं तर हा वेळ हळूहळू वाढवायचा. नाही झालं तर आणखी काही दिवस बरोबर बसायचं. तुमची शाळा ही पद्धत जाणत नसली तरी हरकत नाही, तुम्ही असंच करू द्या अशी विनंती करा. लहान शाळा सहसा मानतात.

निरोप नेहमी सांगून घ्या. मूल खेळात रमलेलं पाहून मागच्या मागे निघून जाऊ नका. मान वर करून पाहिल्यावर आई दिसली नाही की दुसऱ्या दिवसापासून ते खेळणंच सोडून तुमचा पदर धरून बसतं. “डबा खाऊन झाला की मी येते” असं सांगा आणि त्या वेळेला खरोखर दारात उभ्या राहा. घड्याळातली वेळ त्याला कळत नाही, डबा कळतो.

निरोपाच्या वेळचं रडणं तीन-चार आठवडे चालू शकतं आणि तेवढ्याने शाळा वाईट ठरत नाही. तुम्ही गेल्यावर किती वेळात शांत होतो, काय खेळतो, कोणाजवळ बसतो, हे ताईंना रोज विचारा. त्यांना नेमकं सांगता आलं तर त्या तुमच्या मुलाकडे पाहत आहेत. दीड-दोन महिन्यांनंतरही तो दिवसभर हिरमुसलेला असेल, रात्री दचकून उठत असेल, थांबलेली चड्डीतली शू परत होऊ लागली असेल, एखाद्या माणसाचं नाव काढताच आक्रसत असेल, तर ताईंना भेटा आणि पुन्हा वर्गात जाऊन बसा. अंगावर खुणा दिसल्या किंवा कोणी मारल्याचं तो बोलला, तर मात्र दोन महिने थांबू नका, त्याच दिवशी जा. समाधान झालं नाही तर शाळा बदला. फी भरली आहे, वर्ष मोडेल, लोक काय म्हणतील, हे विचार या वयात आड येऊ देऊ नका. तीन वर्षांच्या मुलाचं वर्ष मोडत नसतं. आधी मात्र त्या दुसऱ्या शाळेत जाऊन तासभर बसून या, आणि काय दिसलं ते मला कळवा.